अन्न, अंगण आणि हजेरीपट

इंग्रजी अमलात लहान मुलाची नि सरकारची गाठ दोनच वेळा पडे. देवी टोचणारा गावात येऊन त्याच्या दंडावर व्रण उमटवी आणि वहीत त्याचे नाव उतरवून घेई, ही पहिली. आणि पुढे मराठी शाळेच्या बिगारीत गुरुजी त्याला हजेरीपटावर घेत, ही दुसरी. या दोन नोंदींच्या मधली जी चारपाच वर्षे, ज्यांत हाडे धरतात, पायांना पल्ला येतो, जिभेला चवींची सवय जडते आणि एकदा जडलेली ती सवय सहसा सुटत नाही, त्या वर्षांचा उल्लेख कोणत्याही खात्याच्या अहवालात क्वचितच सापडे; कारण ती वर्षे आईची, आजीची आणि अंगणाची समजली जात, आणि घराच्या उंबरठ्याआड डोकावणे हे सरकारचे काम नव्हे, याविषयी राज्यकर्ते व रयत या दोघांचेही एकमत होते.

हे एकमत मोडून त्या मधल्या वर्षांना सार्वजनिक आस्थेचा विषय करण्याचे श्रेय ज्या थोड्या प्रयोगांना द्यावे लागेल, त्यांत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील बोर्डी व कोसबाड येथील प्रयोगाचे स्थान अग्रभागी आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे ते कार्य सामान्यतः शिक्षणाच्या इतिहासात नोंदले जाते, व ते योग्यच आहे. पण त्याचा विशेष पाहू गेल्यास असे दिसते, की मुलाचे स्नान, त्याचे खाणे आणि त्याचे खेळणे यांना त्यांनी शिक्षणाची पूर्वतयारी न मानता प्रत्यक्ष शिक्षणच मानले. पुढे सरकारने तो प्रयोग आपलासा करून देशभर पसरविला, तेव्हा त्यातल्या खाण्याचा हिशेब चोख ठेवला गेला आणि खेळण्याचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत चढला नाही. असे का घडले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

बालकाच्या आहाराचा व हालचालीचा विचार आपल्याकडे नव्याने आला, असे मानण्याचे कारण नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे एक स्वतंत्र अंग. आणि त्या अंगाचा प्रमुख ग्रंथ जी काश्यपसंहिता, तिच्यात सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्या महिन्यात अन्नप्राशन असा क्रम सांगितला आहे. मूल जमिनीवर बसविण्याचाही तेथे विधी आहे, आणि कोवळ्या कमरेला ताण पडू नये म्हणून सुरुवातीस त्याला फार वेळ बसवू नये, अशी सूचनाही आहे. सुश्रुताने दुधावर राहणारा, दूध व अन्न दोन्ही घेणारा आणि केवळ अन्नावर राहणारा अशा बाल्याच्या तीन अवस्था कल्पिल्या आहेत. चरकाने तर कुमारागाराचे वर्णन करताना खेळण्यांचीही पारख दिली आहे: ती नाना प्रकारची असावीत, वाजणारी, सुंदर व हलकी असावीत, त्यांना अणकुचीदार टोक नसावे, ती तोंडात शिरतील अशी नसावीत आणि जिवाला अपाय करणारी वा भय उपजविणारी नसावीत. आजच्या खेळणी-कारखानदारालाही त्यात फारशी भर घालता येईल, असे वाटत नाही.

घरोघरच्या रिवाजांत या शास्त्राचे अंश पिढ्यान्‌पिढ्या उतरलेले होतेच. उष्टावणाच्या दिवशी मामाच्या मांडीवर बसवून खिरीचे बोट चाटविल्यावर बाळाच्या आहाराचा जो क्रम सुरू होई, तो भाताच्या पेजेवरून गुरगुट्या भातावर, तेथून मेतकूट-तुपाच्या भातावर आणि दात आल्यावर दुधात कुस्करलेल्या भाकरीवर येई. देशावर ज्वारी-बाजरीच्या कण्या, कोकणात नाचणीची आंबील, आणि ज्या घरी ऐपत असे तेथे नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून काढलेले सत्त्व. या सत्त्वाची कृती मोठी विचाराची आहे. मोड आल्याने धान्यातील पिठूळ अंश काहीसा विरघळतो, त्यामुळे लापशी घट्ट न होता पातळ राहते, आणि मुलाच्या इवल्या पोटात थोड्या घासांत अधिक अन्न जाते. आहारशास्त्राने हे पुढे प्रयोगशाळेत पडताळून पाहिले. आजीला ते सोवळ्याच्या स्वयंपाकघरात ठाऊक होते. हालचालीची तरतूद तर कोणी वेगळी करावी लागतच नसे. सारवलेले अंगण, मागले परसू, देवळाचा पार व ओढ्याचा काठ ही सारी मुलांचीच मिरास होती.

परंतु या चित्राला भुलून गतकाळाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेतकूट-भात हा ज्यांच्या घरी तांदूळ बारमाही होता त्यांचा. सत्त्व हे ज्यांच्या घरी ते गाळीत बसण्यास मोकळे हात होते त्यांचे. शिवाय पाचव्या वर्षी मूल पंतोजींच्या ओट्यावर गेले, की त्याच्या अंगणाला पूर्णविराम मिळे. धुळपाटीपुढे मांडी घालून तासन्‌तास ताठ बसणे हाच विद्येचा पहिला धडा होता, आणि चुळबूळ हा अपराध. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात शरीरसंवर्धनाचे वारे जोराने वाहू लागले, अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ व पुण्यास १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ उभे राहिले. पण त्या वाऱ्याची झुळूक जोर-बैठकांच्या वयाच्या तरुणांना लागली. चार वर्षांच्या मुलाला तालीम नको असते, त्याला चढायला काही तरी हवे असते, ही जाण दुसऱ्या वाटेने यावयाची होती.

ती वाट रोमच्या सान लोरेंझो या दरिद्री वस्तीतून निघाली. मारिया माँटेसोरी या डॉक्टरबाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या लाकडी साधनांची व इंद्रियशिक्षणाची कीर्ती आपल्याकडे इतकी झाली, की त्या मूळच्या वैद्यक शिकलेल्या होत्या याचा विसर पडला. वस्तुतः त्यांच्या पहिल्या ग्रंथात मुलांच्या आहारावर एक व स्नायूंच्या शिक्षणावर एक अशी दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. लहान मुलाचे धड मोठे व पाय आखूड, म्हणून उभे राहून त्याचे पाय लवकर शिणतात. मुले कुंपणाच्या तारांना हातांनी धरून आडवी आडवी सरकत जातात ती केवळ खोडी म्हणून नव्हे, तर धडाचा भार हातांवर घेऊन पायांना विसावा देण्यासाठी, असे त्यांनी बारकाईने पाहिले, आणि मुद्दाम तसलेच एक बुटके कुंपण व्यायामासाठी करविले. जेवणाच्या वेळी टेबले मांडणे, सुपाचे भांडे दोन्ही हातांनी तोलून नेणे व न सांडता वाढणे ही कामे तेथे चार-चार वर्षांची मुलेच करीत. मुलाने स्वतः वाढलेले अन्न आणि त्याच्या तोंडात कोणी कोंबलेले अन्न यांत पोषणाचा नसला तरी शिक्षणाचा केवढा फरक आहे, हे त्या एका प्रघाताने सिद्ध झाले.

हिंदुस्थानात या विचाराचे रोप लागले ते काठेवाडात. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत वकिलीचा व्यवसाय सोडून आलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. मुलांवरील ममतेमुळे लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशांची आई, म्हणत. माँटेसोरीबाईंच्या शिस्तबद्ध पद्धतीत त्यांनी गोष्टी, गाणी, नाट्य व लोकखेळ यांची मोकळी भर घातली. एका जागी शांत बसून ठोकळे रचणाऱ्या युरोपीय बालकापुढे त्यांनी फेर धरून नाचणारे काठेवाडी बालक उभे केले. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर व प्रार्थनासमाजी संस्कारांत वाढलेल्या ताराबाई मोडक या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजातील प्राचार्यपद सोडून १९२३ साली त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ या संघाच्या मासिकाने बालसंगोपनाचा विचार गुजरातीतून व पुढे मराठीतून घरोघर नेला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला, आणि मध्यमवर्गीय मुंबईकरांची मुले आपापल्या डब्यातले खाणे रांगेत बसून, हात धुऊन, सांडलेले स्वतः पुसून खाऊ लागली.

येथवरचा सारा प्रपंच मात्र खर्चिक होता. ज्या मुलांना याची निकड सर्वांत अधिक, त्यांच्या गावापर्यंत तो पोचण्याची चिन्हे नव्हती. गांधीजी १९३१ साली गोलमेज परिषदेच्या निमित्ताने लंडनला असता माँटेसोरीबाईंच्या शिक्षकवर्गास भेट देऊन आले होते. हिंदुस्थानच्या खेड्यातील दरिद्री मुलापर्यंत हे शिक्षण कसे पोचेल, हीच चिंता त्यांच्या तेथील बोलण्यात होती. पुढे १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत गांधीजींची नयी तालीम ही शिक्षणयोजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती न ठेवता जन्मापासूनच आरंभावी, असा विचार पुढे आला व ‘पूर्व-बुनियादी’ शिक्षणाचा आराखडा आखला गेला. त्याच वर्षी, वयाची त्रेपन्नावी वाटचाल चालू असता, ताराबाई दादरचा जम बसलेला शिशुविहार इतरांच्या हाती सोपवून बोर्डीस गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले.

बोर्डी हे समुद्रकाठचे, सुरूच्या बनाचे व चिकूच्या वाड्यांचे गाव. आचार्य भिसे यांच्या शिक्षणकार्यामुळे त्याचे नाव आधीच सर्वतोमुखी झालेले. पण वाड्यांची कुंपणे ओलांडून पूर्वेस डोंगराकडे वळले, की वारली पाडे लागत, व तेथे निराळाच मुलूख सुरू होई. जमीन सावकार-जमीनदाराची, राबणारे हात वारल्याचे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही धन्याच्या दारी बांधली जात, त्यांस लग्नगडी म्हणत. आणि पावसाळा लागून घरातले धान्य सरले, की सावकाराकडून दाणे उचलावे लागत, ती खावटी. बोर्डीचे केंद्र निघाले त्याच १९४५ सालच्या मे महिन्यात याच टापूत झरी गावी वारल्यांची परिषद भरली, आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. एकीकडे आईबाप वेठीतून मोकळे होण्यासाठी उभे राहत होते, तर दुसरीकडे, संघर्षाचा कोणताही आविर्भाव न आणता, त्यांच्या मुलांच्या नखांतला मळ काढण्याचे काम सुरू होत होते. दोहोंचा परस्परांशी संबंध नव्हता असे वरकरणी दिसले, तरी भुकेचे ठिकाण एकच होते.

या कामी ताराबाईंना जी सहकारी लाभली, तिच्यावाचून हा प्रयोग तडीस गेला नसता. पुणे जिल्ह्यातील मोरगावी १९१० साली जन्मलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या, शिक्षिकेचा पेशा पत्करून पुण्याच्या हुजूरपागेत बारा वर्षे शिकविलेल्या अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीस आल्या, आणि पुढची सत्तेचाळीस वर्षे, मृत्यूपर्यंत, त्याच परिसराच्या होऊन राहिल्या. त्यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन मराठीत सुपरिचित आहे.

आरंभीचा अनुभव कसोटी पाहणारा होता. गावातील केंद्रात सुस्थित घरांची मुले येत. पाड्यांवरची व दलित वस्तीतली मुले येईनात. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी असे ठरले. शिक्षिका सकाळी वस्तीत जात, कोणाच्या तरी झोपडीपुढची जागा झाडून घेत, व घरोघर हिंडून मुले गोळा करीत. पहिला तास पाण्याचा. मुलांना न्हाऊ घालावयाचे, डोळ्यांतली चिपडे व नाकाचा शेंबूड पुसावयाचा, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, खरजेला औषध लावावयाचे. हे होईतो गाणे चालूच. मग सडा घालणे, कचरा उचलणे, एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात न सांडता ओतणे, दाणे निवडणे. रोमहून निघालेल्या साधनांची जागा समुद्राच्या शंखशिंपल्यांनी, चिंचोक्यांनी, गुंजांनी, पळसाच्या पानांनी व नदीच्या गोट्यांनी घेतली: लहानमोठे लावणे, मोजणे, रंग ओळखणे हे सारे त्यांतूनच होई. त्यानंतर फेर धरून नाच, उड्या, पळापळ. आणि खाऊ जो काही असेल तो मुलांनीच एकमेकांस वाटावयाचा. या पद्धतीला पुढे ‘अंगणवाडी’ हे नाव रूढ झाले.

१९५७ साली संस्था बोर्डीहून काही मैल आत, कोसबाडच्या टेकडीवर गेली, आणि आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग पूर्णत्वास आला. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी होत्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जात, ती कुरणशाळा. या रचनेतील पाळणाघराचे मर्म सहसा ध्यानात येत नाही. व्यायामाच्या दृष्टीने पाहता वारली मुलाच्या अंगाला हालचालीची वाण कधीच नव्हती. झाडावर चढणे, ओहोळात खेकडे धरणे, टेकडी चढून लाकूडफाटा आणणे यांत ते दादरच्या मुलाला सहज हार देई. त्याला कमी होते ते अन्न, आणि त्याहून बारीक अशी दुसरी वाण होती ती कष्टातून मोकळीक मिळण्याची. सहा वर्षांची मुलगी कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊन दिवसभर हिंडते, तेव्हा तिचे शरीर राबत असते, खेळत नसते. तो भाऊ पाळण्यात उतरला, की पहिल्यांदा तिचे दोन्ही हात मोकळे होतात. दादरच्या मुलाला अंगमेहनतीचा अनुभव देणे व कोसबाडच्या मुलीला अंगमेहनतीतून सोडविणे, हे दोन्ही एकाच तत्त्वाचे पालन होय, हे ओळखण्याइतकी ताराबाई व अनुताईंची दृष्टी लवचीक होती. मुलाच्या देहाला काय हवे हे त्या कोणत्याही पुस्तकावरून न ठरविता समोरच्या मुलावरून ठरवीत.

इकडे स्वातंत्र्योत्तर सरकारही या वयाकडे वळू लागले होते, पण त्याची वाट पोटावरून जाणारी होती. १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने गावोगावच्या बालवाड्यांना अनुदान दिले. परदेशी दुधाची भुकटी, पुढे समुद्रापलीकडून आलेले मक्या-सोयाबीनचे पीठ, आणि १९७२ च्या दुष्काळात सुकडी, असे अन्न मुलांच्या ओंजळीत पडू लागले. १९७० च्या सुमारास बालवाडी आहार योजना सुरू झाली व दर मुलास रोज ३०० उष्मांक आणि १० ग्रॅम प्रथिने, वर्षातून २७० दिवस, असे प्रमाण ठरले. त्या काळी जगभरच्या तज्ज्ञांना प्रथिनांच्या तुटवड्याची मोठी धास्ती होती, आणि दारिद्र्यातील मुलांना काही तरी खास, प्रथिनयुक्त, कारखान्यात सिद्ध केलेले अन्न दिले पाहिजे, असे मत प्रबळ होते. या मताला ज्यांनी आकडेवारीने छेद दिला, त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रगण्य होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत संख्याविभागाचे संचालक राहिलेल्या या गृहस्थांनी असे दाखवून दिले, की नेहमीच्या भाकरी-वरणाच्या आहारातच पोटभर अन्न मिळाले तर प्रथिनांची गरजही बहुधा भागते, आणि उणीव असते ती मुळात पुरेशा अन्नाची. आजीचे सत्त्व व पेज यांचे हे एका अर्थी शास्त्रोक्त समर्थनच होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि तिच्या गावपातळीवरील केंद्राला नाव दिले अंगणवाडी. ताराबाई दोनच वर्षांपूर्वी, १९७३ च्या ऑगस्टमध्ये निवर्तल्या होत्या. योजनेचा आराखडा उदार होता: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण व अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एकाच छपराखाली, एक सेविका व एक मदतनीस यांच्या हाती. आज देशात सुमारे १४ लक्ष अंगणवाड्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरात ही योजना सर्व वस्त्यांपर्यंत नेण्याचा हुकूम केला, २००९ मध्ये आहाराचे प्रमाण ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांपर्यंत वाढले, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यावर हक्काची मोहोर उमटविली. बोर्डीस दोन स्त्रियांनी आरंभिलेल्या पद्धतीचे नाव एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या कारभारात रूढ व्हावे, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

मात्र नाव पोचले तरी पद्धत सगळी पोचली असे म्हणता येणार नाही. सरकारी यंत्रणेचा एक अटळ स्वभाव आहे: जे मोजता येते ते तिच्या दप्तरात टिकते, जे मोजता येत नाही ते परिपत्रकात राहते. शिधा किलोने मोजता येतो, मूल लोंबत्या काट्याच्या झोळीत घालून वजनाने मोजता येते, लसी संख्येने मोजता येतात. म्हणून त्यांच्या नोंदवह्या झाल्या, त्यांचे मासिक अहवाल झाले, आणि हल्ली त्या भ्रमणध्वनीवरून वर धाडावयाच्या असतात. पाच वर्षांच्या मुलाने आज किती उड्या मारल्या, पाणी न सांडता तांब्या नेला की नाही, नवी भाजी हुंगून, चाखून, तोंड वाकडे करून अखेर खाल्ली की नाही, याचा रकाना कोणत्याही वहीत नाही. परिणाम असा झाला, की अनेक ठिकाणी अंगणवाडी म्हणजे खिचडी शिजण्याचे ठिकाण, अशीच पालकांचीही समजूत होऊन बसली. डबा घेऊन यावे, खिचडी घ्यावी, घरी जावे. जेवण हाच पाठ मानणाऱ्या पद्धतीतून पाठ गळून जेवण उरले.

आणि आता इतिहासाने असे वळण घेतले आहे, की केवळ जेवणानेही भागेनासे झाले आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी व २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने रोड आढळली. आणि त्याच पाहणीत वाजवीपेक्षा अधिक वजनाच्या मुलांचे प्रमाण आधीच्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेले. दोन्ही व्याधी एकाच राज्यात, कित्येकदा एकाच शहरात शेजारी शेजारी नांदत आहेत. पाड्यावरच्या दुकानातही आज पाच रुपयांचे चमकते पुडके टांगलेले असते, व पोट न भरता भूक मारण्याची कला त्याला साधलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून किमान १८० मिनिटे हिंडावे-फिरावे, त्यांतली निदान ६० मिनिटे धावपळीची असावीत, व पडद्यापुढे एका तासाहून अधिक बसू नये, असा दंडक घालून दिला. तीन तास हिंडणे ही गोष्ट दंडक घालून सांगावी लागते, यावरूनच काळ किती पालटला हे कळते.

आहाराची बाजू सरकारने उचलली व खेळाची उचलली नाही, याला केवळ अधिकाऱ्यांची अनास्था कारण आहे, असे मला वाटत नाही. खरे कारण जमाखर्चाचे आहे. अन्न हे दर मुलामागे दर दिवसाचे इतके रुपये इतके पैसे असे वाटून देता येते. त्याची तरतूद दरसाल अंदाजपत्रकात होते, आणि एखाद्या साली ती आखडता येते. खेळाला लागते ती जमीन, आणि जमीन अशी हप्त्याहप्त्याने देता येत नाही. ताराबाई-अनुताईंच्या काळी ती विकत घ्यावी लागली नाही, कारण पाड्यावरचे अंगण कोणाच्याही मंजुरीवाचून मुलांचे होते; पुढे अंगणवाडीला कोठे समाजमंदिराची खोली, कोठे देवळाचा ओटा, शहरात तर गल्लीतली दहा-बारा फुटांची भाड्याची खोली मिळाली, व अंगण या जिनसेची किंमत किती असते, हे ती गमावल्यावर उमगू लागले. ज्या नगरपालिकेने वाहनतळासाठी भूखंड राखून ठेवला आणि अंगणवाडीसाठी ठेवला नाही, तिने आपल्या मुलांच्या पायांविषयीचा निर्णय त्याच ठरावात घेऊन टाकला, असे समजावे.

म्हणून या विषयावर यापुढे ज्या तजविजी होतील, त्यांची पारख मला दोन प्रश्नांनी करावीशी वाटते. पहिला असा, की दिलेले अन्न मुलाच्या हातून जाते की केवळ त्याच्या तोंडात जाते. म्हणजे वाढणे, निवडणे, धुणे, वाटून घेणे यांत त्याला वाटा आहे की नाही. हा वाटा देण्यास पैसा लागत नाही, सेविकेला वेळ लागतो. आणि तो वेळ हवा असेल तर तिच्या डोक्यावरच्या नोंदवह्यांचे ओझे उतरवून तिचे मानधन वाढविले पाहिजे. दुसरा प्रश्न असा, की केंद्रापासून हाकेच्या अंतरावर मुलाला धावता येईल, चढता येईल व पडताही येईल अशी राखीव मोकळी जागा आहे की नाही. नसेल, तर त्या केंद्राच्या तपासणीत ती उणीव शिध्याच्या तुटीइतकीच गंभीर मानून तशी नोंद झाली पाहिजे. सरकारी दप्तराला मोजल्यावाचून काही दिसत नसेल, तर मोजमापाची ही दोन कलमे त्याच दप्तरात घालून घ्यावीत. बोर्डीच्या प्रयोगाचा हिशेब तेव्हाच पुरता चुकता होईल.